साहेबांची झाकलेली गाडी

आमच्या खिडक्या रंगवायला आलेला कंत्राटदार स्वतःला ‘साहेब’ म्हणवून घ्यायचा. जुन्या रंगात शिसं असतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला बाधते, म्हणून त्यानं प्रशिक्षण घेतलेलं. प्रमाणपत्र खिशात, नियम तोंडपाठ: जमिनीवर प्लास्टिक अंथरा, रंग ओला करून खरवडा. आमचे गुरुजी असते तर त्यांनी पहिला नंबर दिला असता!

दुपारी सून खोलीत डोकावली, तर हा अकलेचा कांदा कोरडाच रंग खरवडतोय आणि फरशी गिरणीसारखी पांढरी. माझी नात नुकती रांगायला लागलेली, सापडेल ते तोंडात घालणारी.

“प्लास्टिक कुठंय?” सुनेनं विचारलं.

“अंगणात, वहिनी. गाडी नवीन आहे हो, धूळ बसते.”

मी पाहिलं, तर फटफटी खरंच नव्या नवरीसारखी झाकलेली!

“तुमची गाडी रांगते का, भाऊ?” सून कडाडली. “मामंजी, बाळाला बाहेर न्या.”

साहेबांनी प्रमाणपत्र पुढे केलं. तिनं त्यांच्या हातात ओलं फडकं दिलं. संध्याकाळपर्यंत साहेब गुडघ्यांवर रांगत फरशी पुसत होते. प्लास्टिक खिडकीखाली आलं होतं, गाडी उघडी होती, आणि मी अंगणातल्या खुर्चीत नातीला मांडीवर घेऊन त्या नव्या गाडीवर बसणारी धूळ मजेत बघत होतो.