रविवारची इस्त्री

आपल्याला कडक मावशी म्हणतात ते कॉलरींमुळे, असं ती सांगायची. लॉन्ड्रीतल्या बायकांचं मत वेगळं होतं. एकोणतीस वर्षं ती त्याच इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होती. डाव्या पायावर भार देऊन देऊन तिची चाल एका अंगाला कलली, पण जीभ कधी कुणापुढे कलली नाही. नवरा गेल्यावर मालकांनी लॉन्ड्रीच्या मागची खोली तिला राहायला दिली. नोकरी आहे तोवर खोली, हे वाक्य ते वर्षातून एकदा तरी आठवणीने ऐकवत.

मालक चर्चचे पंच. माणूस वाईट नव्हता. पण देवाने आपल्याला तीन दुकानं दिली म्हणजे आपल्या कारभारावर त्याची सहीच झाली, असं त्यांना मनापासून वाटायचं. अशा माणसाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

चर्चच्या वेदीवरचं कापड दर शनिवारी लॉन्ड्रीत यायचं आणि त्याला मावशीशिवाय कुणी हात लावत नसे. ते ओलसर असतानाच उलट्या बाजूने इस्त्री करायचं, घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळायचं आणि रविवारी उपासनेआधी वेदीवर अंथरायचं. या कामाचा मोबदला तिने कधी घेतला नाही. आठवड्यात एवढंच काम ती स्वतःच्या मर्जीने करत होती.

त्या शनिवारी मालकांनी सगळ्या बायकांना गोळा केलं. मोठ्या हॉटेलचं काम मिळालं होतं.

"उद्यापासून रविवारीही यायचं," ते म्हणाले. "शेवटी काम हीच उपासना. हात जोडून बसणाऱ्यापेक्षा हात चालवणाऱ्याला देव जास्त देतो."

"आणि तुम्ही?" मावशीने विचारलं.

"मला उद्या चर्चमध्ये शास्त्रवाचन आहे. वेदीचं कापड तू वॉचमनकडे ठेव, तो पोचवेल."

"बरं," मावशी म्हणाली. ती एवढं कमी बोलली तेव्हाच मालकांनी सावध व्हायला हवं होतं.

रविवारी वेदी उघडीच राहिली. वाट पाहून चर्चचे पाळकसाहेब मालकांना घेऊन दोन गल्ल्या ओलांडून लॉन्ड्रीत आले. बॉयलर थंड होता. सात बायका मांडीवर हात ठेवून स्टुलांवर बसल्या होत्या. हॉटेलच्या चादरींचा ढीग कोपऱ्यात तसाच पडला होता, आणि इस्त्रीच्या टेबलावर वेदीचं कापड अंथरलेलं होतं. त्यावर एक सुरकुती नव्हती.

"हा काय प्रकार आहे?" मालकांनी विचारलं.

"काम हीच उपासना म्हणालात ना? मग वेदी इथंच हवी." मावशीने इस्त्री सुरू केली, तापू दिली आणि तिची मूठ मालकांपुढे धरली. "घ्या. या कापडावर हॉटेलची चादर टाका आणि फिरवा. माझा हात धजत नाही. तुमचा धजला तर आम्ही सगळ्या या मिनिटाला कामाला लागतो."

मालकांनी इस्त्री घेतली. ती एवढी जड असते हे त्यांना ठाऊक नसावं, कारण मनगट खाली गेलं. त्यांनी कापडाकडे बघितलं आणि इस्त्री बाजूच्या जाळीवर ठेवून दिली.

"आज बायबलातली विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा वाचणार होतात ना तुम्ही?" मावशी म्हणाली. "तिच्यात नोकर आहे, मोलकरीण आहे, बैलसुद्धा आहे. बैलाला सुट्टी आहे, मालक. आम्ही काय त्याच्याहून खाली?"

कुणीतरी फिसकन हसलं. पाळकसाहेबांचं राहतं घर मालकांच्याच देणगीतून उभं राहिलं होतं. ते क्षणभर घुटमळले. मग एक रिकामं स्टूल ओढून बायकांच्या रांगेत बसले.

त्या स्टुलाच्या आवाजाने मालकांचा संयम सुटला.

"नोकरी जड झाली असेल तर खोलीही जड झाली असेल," ते म्हणाले. "सामान उचल आणि खोली रिकामी कर."

या वयात कुठे जायचं, हे मावशीला खरंच माहीत नव्हतं. ती घाबरली होती, आणि घाबरलेली असतानाच तिने वाकून इस्त्रीचं बटण बंद केलं.

"उचलते," ती म्हणाली. "पण उद्या. सामान उचलणं हे काम आहे, आणि आज रविवार आहे."

आणि ती स्टुलावर बसली.