दादरची नानखटाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि नवऱ्याला मी शेजारणीच्या मांजरीने काय सांडलं तेसुद्धा सांगते, म्हणजे बघा. तुम्हाला का सांगते आहे, ते मला नीट माहीत नाही. डिसेंबर आलाय, थंडी पडलीय, कुठून तरी तूप-वेलदोड्याचा वास येतो — आणि मला आधी हसू येतं. मग ते हसू अर्ध्यावर थांबतं.

हसू येतं, कारण ते दिवस खरंच मजेचे होते. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही उगाच तोंड पाडून वाचायला बसाल.

मी फैजपूरची. ऐंशीच्या दशकात लग्न होऊन धुळ्याला आले ती माहेरच्या केळीच्या बागांचा आणि स्वतःच्या हाताच्या चवीचा भलताच तोरा घेऊन. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना सगळी गल्ली आक्का म्हणायची, म्हणून मीही आक्काच म्हणायची. भिंतीला भिंत लागून सुमनताई राहायच्या. साक्रीकडच्या, ख्रिस्ती, दवाखान्यात नर्स. त्यांची मुलगी रूथ तेव्हा सहा-सात वर्षांची होती. दोन शेंड्या, पुढचा एक दात पडलेला, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही.

रूथला गहू चालायचा नाही. आता त्याला मोठं नाव आहे, दुकानात वेगळे पुडे मिळतात. तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक होतं की मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलंय, गव्हाचा, रव्याचा, मैद्याचा कणसुद्धा पोटात जायला नको. गेला की पोरगी आडवी पडायची. एरवी आमच्या खानदेशात तिचं काही अडत नव्हतं हो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा — ताट चाटूनपुसून खायची. अडायचं ते नाताळला. सुमनताई करंज्या करायच्या, नानखटाया भाजून आणायच्या, आणि ताटावर रुमाल टाकून रूथ ते गल्लीभर वाटायची. स्वतः शेंगदाण्याचा लाडू खायची. एका वर्षी मी दारातून पाहत होते. आमच्याकडे देऊन ती निघाली, कोपऱ्यावर थांबली, रुमालाची कड उचलून नुसता वास घेतला, आणि रुमाल पुन्हा नीट झाकला.

झालं, मी जाहीर करून टाकलं. यंदा रूथची नानखटाई मी करणार, आणि गव्हाची सावलीही पडू देणार नाही! गल्लीत सांगितलं, नळावर सांगितलं, भाजीवालीलाही सांगितलं. गरज होती का इतकं सांगायची? नव्हती. पण मी तशीच होते.

दादर काढली. दादर म्हणजे आमच्याकडची हिवाळी ज्वारी, चवीला गोडसर. माहेराहून कच्च्या केळ्याचं पीठ मागवलं, उपासाला करतात ते. गिरणीत एकाच दगडावर गहूही दळतात, म्हणून आक्कांनी माळ्यावरचं जातं खाली काढायला लावलं. ते जातं ओढायला गल्लीतल्या बायकांची झुंबड उडाली. कधी नव्हे ते कुणाला कंटाळा नाही! एकीचा हात दुखला की दुसरी बसायची, चहा फिरायचा, चेष्टा चालायची. रूथ पीठ चाळत होती आणि नाकापासून वेणीपर्यंत पांढरी झाली होती. सुमनताई ड्यूटीवरून आल्या, दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वहिनी, इतकं कुणी करतं का कुणासाठी?" डोळे भरले होते त्यांचे. मला काय वाटलं सांगू? आभाळच ठेंगणं झालं.

पुढचं सांगायचं तर युसुफचाचांच्या बेकरीत यावं लागेल. तेव्हाची पद्धत तुमच्या लक्षात असेल — सामान आपलं, भट्टी त्यांची. घरून पीठ, तूप, साखर न्यायची, तिथल्या ओट्यावर मळायचं, वळून पत्र्यावर मांडायचं, आणि चाचा पत्रे आत सरकवायचे. त्या दिवशी ओट्यावर बायकाच बायका. सगळ्यांच्या परातीत मैदा, माझ्या एकटीच्या परातीत दादर.

आणि माझं पीठ जुळेना.

गोळा वळला की फुटायचा. तूप वाढवलं, आणखीच फुटला. शेजारी गल्लीतल्या जिजाकाकू बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "फैजपूरनी सुगरण शे ना तू? मंग पीठ काबर ऐकत नही?" सगळ्या हसल्या. वाईट नव्हतं हो ते हसणं, मीही हसले. पण आतून पेटले होते. इतकं सांगून बसले होते ना सगळीकडे! मग काकू आपला पत्रा द्यायला उठल्या. त्यांची परात माझ्या गुडघ्याला लागून होती —

चिमूटभर, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. चिमूटभर नव्हता. मूठभर होता. मी मूठभर मैदा उचलला आणि माझ्या पिठात मिसळला. कुणी पाहिलं नाही.

विसरले होते का मी, कुणासाठी करतेय? छे. सगळं लक्षात होतं. इतक्याशाने काय होतंय, असं म्हटलं, आणि गोळे वळत गेले. काय सुरेख वळले! भट्टीतून निघाल्या तेव्हा बायका उठून बघायला आल्या. चाचा म्हणाले, "भाभी, ज्वारीची अशी नानखटाई मी जिंदगीत नाही पाहिली." मी लाजले. खरंच लाजले, म्हणजे माझी तेव्हाची तऱ्हा बघा.

डबा घेऊन गल्लीत शिरले तर वरातच निघाली मागे. सुमनताईंच्या ओसरीवर डबा उघडला. रूथने एक नानखटाई दोन्ही हातांत धरली. आधी वास घेतला, सवयीने. मग तोंडाकडे नेली. मी बघत होते. एवढी वाट चालून आले, तोवर बोलले नव्हते — तेव्हाही बघतच राहिले. तिचे ओठ लागले तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "थांब!"

तिथे खरं बोलता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. मी म्हटलं, "आत्ता आठवलं — चाचांनी पत्र्यावर मैदा भुरभुरला होता."

खोटं चटकन खपलं, कारण बेकरीवाले तसं करतातच. सुमनताईंनी नानखटाई काढून घेतली, रूथला पोटाशी धरलं, आणि मग मला. मला! "तुम्ही होता म्हणून," म्हणाल्या. तशाच तडक बेकरीत गेल्या, मी त्यांच्यामागे. चाचांना त्यांनी भर गिऱ्हाइकांत ऐकवलं. चाचा भांडतील असं मला वाटलं होतं. भांडले असते तर बरं झालं असतं. पण ते आपल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला याद नाही, सिस्टर. पण हाताला सवय आहे. पडला असेल."

माझ्या थापेवर त्या माणसाने स्वतःच विश्वास ठेवला. आणि मी तिथे मान हलवत उभी होते.

दुसरा दिवस म्हणजे नाताळचा आदला दिवस. चाचांनी ओटा, पत्रे, परात सगळं राखेने घासलं, उकळत्या पाण्याने धुतलं. मैद्याची पोती मागच्या खोलीत बंद केली. गिऱ्हाइकांना म्हणाले, दुपारनंतर या, सकाळी माझ्या पोरीचं काम आहे. या वेळी आक्काही आल्या. माझं फुटणारं पीठ त्यांनी बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "भाकरले आधण घालस ना तू? मंग याले काबर नही?" रोज भाकरी थापणारी बाई मी! पीठ तुटत असलं की कढतं पाणी घालायचं, हे काय कुणी शिकवावं लागतं? नानखटाई म्हटलं आणि मी भाकरी विसरून बसले होते. अर्धं पीठ कढत दुधात उकडून घेतलं आणि गोळा मुकाट जुळला.

जरा कडक झाल्या, वर भेगा पडल्या. रूथने एक अख्खी तोंडात कोंबली. आक्कांनी विचारलं, "कशी लागस व?" तिला बोलता येईना, नुसती मान हलवत राहिली, आणि बेकरीतले सगळे मोठ्याने हसले, चाचाही. त्या वर्षी ती ताट घेऊन निघाली ती प्रत्येक दारात एक त्या घरच्यांना द्यायची आणि एक स्वतः खायची. संध्याकाळी अर्धी गल्ली नानखटाईशिवाय राहिली. कुणाची तक्रार नव्हती. इतका आनंद मी आमच्या गल्लीत लग्नकार्यातही पाहिला नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन.

तेव्हापासून दर नाताळला भट्टीची पहिली आच रूथची. आणि पत्रा घेण्याआधी चाचा दोन्ही हात तिच्यापुढे धरायचे, "बघ बेटा, साफ?" ती उलटेसुलटे करून बघायची, नखंसुद्धा, आणि गंभीरपणे म्हणायची, "साफ." सगळे हसायचे. मग चाचा नव्या गिऱ्हाइकांना ती हकिकत सांगायचे — त्यांचा हात चुकला होता, आणि या भाभींची नजर होती म्हणून पोर वाचली. मला पहिला चहा असायचा. मी तो प्यायची.

पुढे नव्वदच्या दशकात चाचा आजारी पडले. मी भेटायला गेले. खोलीत दोघंच होतो. त्यांनी पुन्हा तेच काढलं, म्हणाले, "उस हाथ का भरोसा नहीं था, भाभी." मी संत्रं सोलत होते. सगळं सोललं, फोडी वेगळ्या केल्या, शिरा काढल्या. त्यांना दिलं आणि घरी आले. त्याच महिन्यात ते गेले.

रूथ आता जळगावात असते, शाळेत शिकवते. गेल्या नाताळात तिने बोलावलं. दादरचं पीठ, उकड, सगळं तसंच. मळायच्या आधी तिने घरातल्या सगळ्यांना ओळीत उभं केलं. तिच्या घरचा नेमच आहे तो, चाचांच्या आठवणीचा. तिची धाकटी एकेकाचे हात बघत आली आणि माझ्यापुढे थांबली.

"आजी, हात."

मी दोन्ही हात पुढे केले. तिने उलटेसुलटे करून पाहिले, नखंसुद्धा, आणि म्हणाली, "साफ."