हवालदार वैरागडेंचा हुकूमभंग

नागपूरच्या लकडगंजात रविंद्र वैरागडेचं प्लायवूडचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी तो मोजकंच बोलतो. पण युद्धाच्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की त्याच्या तोंडाला लगाम राहत नाही, आणि त्या बोलण्यात चांगला शब्द औषधालाही सापडत नाही.

त्याच्या मते हे गेम दोन जातींचे. एक धडाकेबाज. त्यात हिरो अंगावर सात गोळ्या झेलतो, भिंतीआड बसून दम खातो आणि पडसं बरं व्हावं तसा बरा होऊन पुन्हा पळत सुटतो. बंदुकीला गुलाबी रंग, शिरस्त्राणावर सशाचे कान, आणि समोरचा मेला की त्याच्या छातीवर नाचायची सोय. "युद्ध आहे का वरात आहे गा ही?" रविंद्र विचारायचा.

दुसरी जात म्हणजे हुबेहूब खऱ्यासारखे गेम. त्यांचे भक्त त्यांना आदराने ‘सिम्युलेशन’ म्हणतात. त्यात पाठीवरचं ओझं वाढलं की धाप लागते, वाऱ्याचा अंदाज घ्यावा लागतो, होकायंत्र बघत उन्हातान्हात चालावं लागतं. आणि एवढी पायपीट करून गाव दिसायला लागतं न लागतं, तोच कुठूनतरी एक गोळी येते आणि पडदा काळा होतो. मारणारा कोण, कुठे होता, काही कळत नाही. "यापेक्षा मी उमरेडपर्यंत पायी जाऊन आलो असतो," तो म्हणायचा, "निदान व्यायाम तं झाला असता."

आणि तरी दर रविवारी सकाळी, दुकान बंद असताना, पोटमाळ्यावर बसून तो नेमका याच दुसऱ्या जातीचा एक गेम खेळायचा. लॅमिनेटची डिझाइनं दाखवायला त्याने मोठा कॉम्प्युटर घेतला होता. साहिल नावाच्या ओळखीच्या इंटिरियरवाल्याने त्यात हा गेम टाकून दिला आणि त्याला आपल्या पलटणीत भरती करून घेतलं.

पलटणीचं नाव ‘संत्रानगरी रायफल्स’. तिचा सेनापती प्रीतम डोंगरे, सदरमध्ये इंग्रजी बोलायचे क्लास घेणारा गोरापान, घोटीव दाढीचा माणूस. पलटणीत तो ‘मेजर सर’. बाकीच्यांमध्ये एक दातांचा डॉक्टर कॅप्टन होता, एक विमा एजंट लेफ्टनंट होता. यातल्या एकानेही कॉलेजात एनसीसीची परेडसुद्धा केली नव्हती. पण रविवारी कानाला हेडफोन लागला की यांचे आवाज जाड व्हायचे. हजेरी घेतली जायची. गैरहजर राहायचं तर आधी अर्ज. "सर, मेव्हणीच्या साक्षगंधाला जायचं आहे, परवानगी असावी," असं दातांच्या डॉक्टरने खरोखर लिहिलं होतं, आणि मेजर सरांनी ते दोन दिवस विचाराधीन ठेवलं होतं.

आठवडाभर ग्रुपवर या लोकांची मतं वाहत असायची. बंदुकीचा आवाज खट यावा की खटाक यावा, यावर विमा एजंट आणि साहिल एकमेकांशी बोलेनासे झाले होते. धडाकेबाज गेम खेळणारे म्हणजे शाळकरी पोरं, आपण म्हणजे अभ्यासक, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. ‘रियलिझम’ हा त्यांचा देव. प्रीतम रोज सकाळी त्याची आरती केल्यासारखा लिहायचा: ‘आपण खेळत नाही, आपण अनुभवतो.’

रविंद्र हे वाचून दुकानात एकटाच हसायचा. तीन वर्षांत तो हवालदाराच्या वर गेला नाही त्याचं कारण त्याचा नेम नव्हता, त्याची जीभ होती. एकदा मेजर सर नकाशा समजावत असताना तो मध्येच म्हणाला, "सर, नकाशा उलटा धरून राहिले तुम्ही." नकाशा खरंच उलटा होता. त्यामुळे तर गोष्ट जास्तच लागली.

त्या हिवाळ्यात प्रीतमने मोठी मोहीम ठरवली. नाव ठेवलं ‘ऑपरेशन पेंच’. समोर रायपूरची एक टोळी, तीही अशीच रविवारची शूर मंडळी. डोंगराळ मुलुखातलं एक गाव ताब्यात घ्यायचं होतं. सगळ्यांना पुढे सरकायचं काम मिळालं आणि रविंद्रला मिळाली गावासमोरची टेकडी. तिथे उखळी तोफ लावायची आणि हुकूम येईपर्यंत गप्प बसायचं. प्रीतमच्या दृष्टीने ही तोंडाळ माणसाला दूर बसवायची उत्तम जागा होती.

रविंद्र बसला. टेकडीवर करायला काहीच नव्हतं, म्हणून तो दुर्बिणीतून गाव पाहू लागला. गेमवाल्यांनी गावात माणसं सोडली होती, कॉम्प्युटरच चालवतो तशी. एक म्हातारा बकरी घेऊन उन्हात बसलेला. दोन पोरं भिंतीला लागून उभी. आणि एक बाई विहिरीवर येणारी. हंडा भरायची, कपाळाचा घाम पुसायची, टेकडीकडे पाहायची, घरी जायची. मग पुन्हा यायची. बनवणाऱ्याने तिची चाल नीट जोडली नसावी, कारण तिचा डावा पाय जरासा ओढल्यासारखा पडायचा.

रविंद्रची मावशी भीमाबाई अशीच चालायची. काटोलला तिच्या घरी उन्हाळ्यात राहायला गेलं की पहाटे तिच्या पायाचा तो आवाज यायचा, एक पाऊल टेकायचं आणि एक घासायचं. मावशीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोटमाळ्यावर चहा थंड होत होता, कानात मेजर सरांच्या पुढे सरका, थांबा, सरका अशा आज्ञा चालल्या होत्या आणि रविंद्र मनातल्या मनात म्हणत होता, आता भीमाबाई बाहेर येईल. ती यायची. त्याला बरं वाटायचं. स्वतःचंच हसूही यायचं. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि कॉम्प्युटरमधली बाई पाण्याला आली म्हणून खूश होऊन राहिला.

अशी सगळी सकाळ गेली. मग एकदम गोळीबार सुरू झाला. रायपूरचे दोघे पळत येऊन विहिरीला लागून असलेल्या घरात शिरले आणि तिथून त्यांनी संत्रानगरीच्या लोकांना टिपायला सुरुवात केली.

"हवालदार!" प्रीतम ओरडला. "विहिरीजवळचं घर. टाका गोळे."

"सर, तिथे बाई आहे."

"कोण बाई?"

"गावातली. पाणी भरून राहिली. ती घरी गेली की टाकतो."

"वैरागडे, तो बॉट आहे, कॉम्प्युटरचं बाहुलं! टाका म्हणतो ना!"

"बॉट आहे ते मलेही समजते. थोडं थांबा ना पण."

पण बाई घरी जाईना. गोळीबाराच्या आवाजाने ती विहिरीच्या कठड्यापाशी खाली बसली आणि तिने डोक्यावर दोन्ही हात घेतले. रविंद्रचं बोट बटणावर होतं. एक दाब, आणि घर, विहीर, बाई सगळं धुरात गेलं असतं. दुसऱ्या रविवारी गेम पुन्हा सुरू केला की सगळं जसंच्या तसं उभं राहिलं असतं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी बोट खाली गेलं नाही.

तेवढ्यात दातांचा डॉक्टर मेला, मग विमा एजंट मेला, मग साहिल. शेवटी मेजर सर एका उकिरड्यामागे मेले. रायपूरवाल्यांनी मोकळ्या माइकवर खदाखदा हसून घेतलं. "क्या नागपूर, तोप घर भूल आए क्या?" असं त्यांच्यातला एक म्हणाला, आणि ऑपरेशन पेंच संपलं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर पत्रक आलं. हवालदार वैरागडे यांच्यावर हुकूमभंगाचा खटला, येत्या रविवारी, सदरमधल्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये, जेवणासह.

रविंद्र गेला. जायचं काही कारण नव्हतं. पण हे लोक समोरासमोर कसे दिसतात ते त्याला पाहायचं होतं. सगळे मातकट हिरव्या ठिपक्यांच्या टी-शर्टात आले होते. डॉक्टरच्या पोटावर ते ठिपके ताणून मोठे झाले होते. भिंतीवर मोठा पडदा, त्याला जोडलेले दोन-तीन कॉम्प्युटर, पुढे टेबल, टेबलावर चादर, आणि मधल्या खुर्चीत प्रमुख पाहुणे मधुकरराव, कामठीला राहणारे निवृत्त सुभेदार, प्रीतमच्या बायकोचे काका. खऱ्या फौजेतला माणूस आणल्यामुळे प्रीतमची मान ताठ झाली होती.

आरोपपत्र इंग्रजीत वाचलं गेलं. साहिल उठून म्हणाला, "भाऊ, तुम्ही रियलिझमच मोडला. खऱ्या लढाईत असं चालते का?"

"तुमीच रोज लिहिता ना," रविंद्र म्हणाला, "की खरं वाटलं पाहिजे. आपण खेळत नाही, अनुभवतो. मले खरं वाटलं. एवढ्या लोकांत एकट्याले वाटलं, अन् त्याचीच शिक्षा देऊन राहिले तुम्ही मले."

विमा एजंटाने पाण्याचा ग्लास उचलून पुन्हा ठेवला. प्रीतमने घाईने पाहुण्यांकडे पाहिलं. "काका, आपलं मत?"

मधुकररावांनी चष्मा काढला. "हुकूम म्हणजे हुकूम," ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रविंद्रला वाटलं, हाही तसलाच निघाला. मधुकरराव मात्र पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ते राहू द्या आता. हे चालते कसं, ते मले दाखवा."

त्यांना माऊस दिला. प्रीतम शेजारच्या कॉम्प्युटरवर बसून त्यांच्या पुढे चालू लागला, म्हणजे पडद्यावर वाट दाखवू लागला. मधुकररावांनी इकडेतिकडे पाहिलं, एक बटण दाबलं, आणि मेजर सर पाठीत गोळी लागून तोंडावर पडले.

"हा कोण मेला?" मधुकररावांनी विचारलं.

"मी, काका."

"असं का. मग उठ."

"उठता येत नाही काका. रियलिझम आहे."

मधुकररावांना गंमत वाटली. ते जेवण येईपर्यंत खेळत राहिले. डॉक्टरला मारलं, एका खांबाला मारलं, जीप नदीत घातली. खटला चालू आहे हे ते विसरूनच गेले. शेवटी पनीरच्या भाजीचा वास आल्यावर प्रीतमने उभ्या उभ्या निकाल सांगितला: हवालदार वैरागडे यांना शिपाई करण्यात येत आहे, आणि त्यांनी पलटणीची जाहीर माफी मागावी.

पलटणीने गेल्या दिवाळीत सगळ्यांना छातीला लावायच्या पट्ट्या वाटल्या होत्या. रविंद्रने आपली काढली आणि समोरच्या रायत्याच्या वाटीत बुडवली. "तुमचं युद्ध तुमालेच मुबारक," तो म्हणाला आणि न जेवता जिना उतरला.

जिन्यापर्यंत तो तोऱ्यात होता. गाडी सुरू करताना त्याला स्वतःचीच लाज वाटायला लागली. भांडलो कोणाशी, तर दातांच्या डॉक्टरशी. कशावरून, तर नसलेल्या विहिरीवरून.

घरी त्याच्या बायकोने, मायाने दार उघडलं. "जेवून येणार होते ना?"

"नाही जेवलो."

"काहून?"

त्याने सगळं सांगितलं. टी-शर्ट, आरोपपत्र, मेजर सरांच्या पाठीतली गोळी. माया कपाळाला हात लावून हसत होती. एवढी मोठी माणसं, म्हणाली, यांच्या बायका यांना काही बोलत नाहीत का. मग तिने विचारलं, "पण खरं सांगा, काहून नाही टाकला गोळा?"

रविंद्रने इकडेतिकडे पाहिलं. "ती बाई भीमाबाई मावशीसारखी चालत होती."

मायाचं हसू थांबलं. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा तिनेही काटोलला काढला होता. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं, भाकरी वाढली. "टाकला असता न," ती म्हणाली, "तं आज मी तुमाले वाढलं नसतं." मग थोड्या वेळाने, "तरी पण येडेच आहा तुमी."

संत्रानगरी रायफल्स उन्हाळ्यापर्यंतही टिकली नाही. गेम बनवणाऱ्यांनी नवा बदल आणला. जखमेला पट्टी बांधायला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागू लागला. अर्ध्या पलटणीला वाटलं गेम आता पोराटोरांचा झाला, अर्ध्यांना वाटलं सुटलो बुवा एकदाचे. त्यावरून ग्रुपवर जी शिवीगाळ झाली, तिच्यात प्रीतमने तीन वर्षं झाडलेलं इंग्रजी कुणाच्या कामी आलं नाही. प्रीतमने रविंद्रला फोन केला, लेफ्टनंट करतो, परत ये, म्हणाला. "सर, नकाशा सरळ धरायले शिकले का?" रविंद्रने विचारलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

फुटलेले लोक साहिलला पुढे घालून लकडगंजात आले. भाऊ, आता तुम्हीच पलटण काढा. रविंद्र नाही नाही म्हणाला, आणि रविवार मोकळा जात होता म्हणून शेवटी तयार झाला. अट एकच, हुद्दे नकोत. सगळ्यांनी माना डोलावल्या. पंधरा दिवस जात नाहीत तो डॉक्टर दुकानात येऊन उभा राहिला. "म्हणजे तसं काही नाही, पण मी तिकडे कॅप्टन होतो." पाठोपाठ विमा एजंट. मग साहिलसुद्धा.

रविंद्रने त्या सगळ्यांकडे प्लायवूडचा सडका तुकडा पाहावा तसं पाहिलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "आजपासून तुम्ही सगळे जनरल."

तो टोमणा मारत होता. पण डॉक्टरचा चेहरा उजळला, विमा एजंटाने त्याचा हात दाबला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या नावापुढे ‘जनरल’ लागलं. आता दर रविवारी एकजात सगळे जनरल एकाच वेळी हुकूम देतात, एकमेकांना ओव्हररूल करतात, आणि पलटणीतला एकुलता एक शिपाई रविंद्र वैरागडे त्यातला एकही हुकूम न पाळता पोटमाळ्यावर पाय पसरून चहा पितो. रायपूरवाले दर वेळी जिंकतात. पण यांच्या मते त्याचं कारण वेगळंच आहे, आणि त्यावर ग्रुपवर अजून चर्चा चालू आहे.