मोहावरचं मचाण

साकोलीच्या बसस्थानकात कुणीतरी वाळल्या मोहफुलांचं पोतं शेजारी ठेवलं आणि त्या गोड, आंबूस वासानं आमचं तलावाखालचं शेत आठवलं. उन्हाळी धानात रानडुकरं शिरत, म्हणून राखणीसाठी बाबांनी बांधावरच्या मोहावर मचाण बांधलं. फांद्या रुंद होत्या, पाठ छान टेकायची. आई म्हणाली, "फुलं पडाले लागली जी, अस्वल येईन ना." बाबा म्हणाले, "ते खाली राहीन, मी वर राहीन." सकाळी आई आणि मी फुलं वेचायला गेलो, तर पाणी पाहायला उतरलेले बाबा धानाच्या चिखलात हलायचं विसरून उभे होते. मचाणावर, त्यांच्याच वाकळीवर बसून अस्वल फुलं खात होतं. आई हळूच म्हणाली, "ते वर हाय, तुमी खाली." पुढचं मचाण ऐनाच्या सरळ झाडावर झालं; तिथं अस्वलाला खायला फुलं नव्हती, पण पाठही टेकत नसे, बाबा रात्रभर ताठ बसत. बसस्थानकातल्या बाकावर मीही जरा ताठ बसले.