आतली कडी

काल धायरीच्या नव्या फ्लॅटचं दार रंगवायला घेतलं. ऑइल पेंटचा वास नाकात गेला आणि एक जुनी जळजळ वर आली.

आई मार्केट यार्डाजवळ, रस्त्यावर वाढलेल्या मुलींच्या वसतिगृहात चित्रकला शिकवायची. घरी मी भिंतीला पेन्सिल टेकवली तरी पाठीत धपाटा. तिथे मात्र त्या मुलींना अख्खी भिंत आंदण! एका रविवारी तिने मलाही नेलं. मी ईर्ष्येने डोंगर, सूर्य, कौलारू घर, सगळं काढलं. आई म्हणाली, "छान." बस्स.

शेजारी शेवंता नावाच्या मुलीने नुसतं एक दार काढलं होतं आणि त्यावर ही मोठी कडी.

"घर कुठंय तुझं?" मी खवचटपणे विचारलं.

"मी घरातच हाय की," ती म्हणाली. "ही आतली कडी हाय."

आईने हातातला ब्रश ठेवला आणि तिला पोटाशी धरलं. किती वेळ! मी आपली रंगाच्या डब्याकडे बघत उभी.

मला कडी काढायचं का सुचलं नाही, ते आता कळतं. आमच्या दाराची कडी रोज रात्री आईच लावायची.

कळतं सगळं. तरी ती मिठी माझ्या वाटणीची होती, असंच अजून वाटतं.