पौलसभाऊंच्या पोटातली गोष्ट

कौटुंबिक समुपदेशन शिकवणाऱ्याच्या घरी पुस्तकं थोडी आणि किस्से फार साठतात. आमच्या चंद्रपुरात पुस्तकांना वाळवी तरी लागते, किश्शांना तीही लागत नाही! आता क्लास दुसरे घेतात, मी घरी असतो. खरं सांगतो, क्लासच्या त्या मंडळींची फार आठवण येते.

चर्चमागच्या हॉलमध्ये आमचा क्लास भरायचा. कूलर गरम हवा फेकायचा आणि समोर खेड्यापाड्यांतले पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर, घाम पुसत बसायचे.

*

पहिला धडा, आधी ऐकायचं. सरावाच्या नाटकात चर्चच्या महिला संघाच्या कांताबाई चिडलेली बायको झाल्या, ऊर्जानगरचा विल्सन पाळक झाला. "नवरा मले..." एवढंच कांताबाई बोलल्या आणि विल्सनने डोळे मिटले. "चला, प्रार्थना करू!"

"अरे, बाईंचं बोलणं तर होऊ दे!"

"बोलू देलं तर लय लंबं होते ना सर!"

*

गुप्ततेच्या धड्याला सिंदेवाहीकडच्या पौलसभाऊंनी हात वर केला. स्वतःच्या घरातलं भांडण रविवारच्या उपदेशात उदाहरण म्हणून सांगायची त्यांची सवय. मंडळी खूश व्हायची! एका रविवारी त्यांची बायको, मार्थाबाई, उपदेश संपायच्या आत उठल्या आणि थेट माहेरी गेल्या.

"म्हणूनच क्लासले आलो सर," पौलसभाऊ म्हणाले. "थे वापस आली पाह्यजे."

 

*

कांताबाई गडचिरोलीकडच्या. मोहफुलं वेचायच्या दिवसांत एका जोडप्याकडे घरभेटीला गेल्या, तर गावात चिटपाखरू नाही. सगळे जंगलात! बाई तिथे पोचल्या. नवरा-बायकोचा अबोला होता. बाई दोघांच्या मधे बसून फुलं वेचू लागल्या. थोड्या वेळाने दोघं एकदमच ओरडले, "बाई, पाला काऊन भरून राह्यल्या टोपलीत!"

"एकमतानं बोलले का नाई?" कांताबाई आम्हाला म्हणाल्या. "मंग झालं ना काम!"

*

पौलसभाऊ बायकोला आणायला सासुरवाडीला गेले. ओसरीवर बसले आणि क्षमा या विषयावर सुरू झाले. सासूबाईंनी विचारलं, "जावाई, आज रविवार हाय का?"

तसेच परत आले! क्लास पोट धरून हसला, पण त्यांचा उतरलेला चेहरा बघून मला वाईट वाटलं. म्हटलं, "पुन्हा जा. या वेळी तोंड उघडू नका."

*

ते गेले आणि मार्थाबाई परत आल्या! पण तिथे काय झालं, ते सांगतील तर शपथ! "गुप्तता हाय सर." चहा पाजला, भजी चारली, तरी नाही.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे बसने त्यांच्या गावी उपासनेला गेलो. चर्च गच्च! साऱ्या गावाला आतली गोष्ट हवी होती. पौलसभाऊ बायबलमधल्या नोहावर बोलले. तारू झालं, पूर झाला, कबुतर झालं, बायकोचं नाव नाही. लोकांची तोंडं पडली.

मग साक्ष देण्याची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची, वेळ आली. मार्थाबाई पदर सावरत उभ्या राहिल्या.

"पास्टर सांगत नाईत, म्हणून मी सांगतो. हे आले आन सकाळपासून दुपारपर्यंत एक शब्द बोलले नाईत. मीच बोलत होतो. सारं आयकलं. आन मंग रडले! आमच्या मायसमोर, चुलीपाशी बसून!"

"अवं, गुप्तता!" पौलसभाऊ व्यासपीठावरून कळवळले.

"थे पास्टरले हाय जी," मार्थाबाई म्हणाल्या. "पास्टरच्या बायकोले नाई!"