पंगतीतून उठणारा माणूस

राणोजीमामा काय करतात असं कुणी विचारलं, तर आमच्या घरात एकच उत्तर आहे. पंगतीतून उठतात.

नोकरी होती, नाही असं नाही. चेन्नईजवळ तांबरमला हवाईदलाच्या तळावर ते स्टोअरकीपर होते. मागणीतली शेवटची वस्तू टेबलावर आल्याशिवाय पहिला बोल्टसुद्धा हलू द्यायचा नाही, असा त्यांचा खाक्या. पुढे निवृत्त झाले, बोल्ट सुटले, आणि तो सगळा खाक्या जेवणाच्या पानावर येऊन बसला.

तंजावरकडच्या आम्हा मराठी माणसांत पंगतीचे नियम सगळेच पाळतात. मामा ते नुसते पाळत नाहीत, त्यांची अंमलबजावणी करतात. केळीच्या पानाचं टोक डावीकडे, त्या टोकाला आधी मीठ. मग लोणचं, कोशिंबीर, भाज्या, भात, भातावर तूप. वाढणं पूर्ण होईतो कुणी बोट लावायचं नाही. पहिला घास वडील माणसाचा. एकदा पंगत बसली, की एक जण जरी जेवत असला तरी बाकीच्यांनी उठायचं नाही. आणि मुलीच्या बापानं मुलाकडच्यांच्या अन्नाला हात लावला, की सोयरीक ठरली. लावायचा नसेल तर पंगत सुरू होण्याआधी उठावं.

मामा उठत. सुष्मिताची, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीची, तीन स्थळं अशीच गेली. एका घरी पानाचं टोक उजवीकडे होतं. दुसऱ्या घरी मीठ वाढायचं राहिलं. तिसरा मुलगा बिचारा चांगला होता, पण त्यानं फोन पानाच्या कडेवर ठेवला. मामा उठले, खांद्यावरचं उपरणं झटकलं, "आम्हांस भूक नाहीं" म्हणाले आणि बाहेर जाऊन चपला घालू लागले. अन्नपूर्णामामी मागून धावल्या. सुष्मिता पानासमोर बसून राहिली. प्रत्येक वेळी घरी येऊन मामा मात्र दोन वेळचं जेवत. नकाराची भूक मोठी असते.

चौथा मुलगा सुष्मितानं स्वतः शोधला. ती इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे, अद्वय तिथेच डिझाइनमध्ये. मूळचा पुण्याचा. त्याचे आईवडील, उमाकांतराव आणि विद्युलताबाई, शुक्रवारच्या विमानानं चेन्नईला वीकेंडसाठी आले. समुद्रकाठचं रिसॉर्ट, साडीखरेदी, महाबलीपुरम् आणि परतीचं विमान. मुलगी बघणं त्यांनी साड्या आणि महाबलीपुरम् यांच्या मधे बसवलं होतं, शनिवारी दुपारी, आळ्वारपेटच्या एका बिस्त्रोत.

"ऊर्मी, तूं ये," सुष्मिता मला म्हणाली. "अप्पा उठूं लागले, तर तूं दाराशी बसलेली हवीस."

"अडवूं कशी गं? वाघ आहेत का ते?"

"वाघ असते तर बरं होतं. जेवले तरी असते." मग हसू आवरून म्हणाली, "या वेळीं उठले, तर मी परत कुणापुढे बसणार नाहीं. बस्स."

*

बिस्त्रोचं नाव 'द क्वाएट तिण्णै'. तिण्णै म्हणजे घरापुढचा ओटा. जुन्या बंगल्याचा ओटा त्यांनी घासूनपुसून ठेवला होता आणि त्यावर 'कृपया बसू नये' अशी पितळी पाटी लावली होती. मामांनी पाटी वाचली. दोनदा वाचली.

"ओटा बसायला नाहीं," ते मामींना म्हणाले. "सरी, ठीक. आंत जेवण जेवायला नसेल."

मामींनी त्यांच्या कोपराला चिमटा काढला. आत एसी इतका, की मामींनी पदर कानांवरून घेतला. टेबलावर दगड होते, शंख होते, एक वाळलेली फांदी होती. उमाकांतराव उभे राहून हात पुढे करते झाले. तागाचा शर्ट, वरची दोन बटणं उघडी, आणि आवाज असा, की सगळ्या टेबलांना पुण्याचं हवामान कळावं.

"या या या! ट्रॅफिक लागला का? आम्ही म्हटलं, चेन्नईत येऊन इडलीडोसा काय खायचा! काहीतरी क्युरेटेड हवं."

"आम्हीही रोज इडली खात नाहीं," मामा बसत म्हणाले. "मंगळवारीं उपास असतो."

उमाकांतराव मोठ्यानं हसले. विनोद होता असं त्यांना वाटलं.

"तुमचं मराठी किती गोड हो," विद्युलताबाई मामींना म्हणाल्या. गालावरून हात फिरवायच्याच राहिल्या. "अगदी पोथीतल्यासारखं! अद्वय, ऐकतोयस ना? हे जपायला पाहिजे."

"आम्ही बोलतों ते," मामी म्हणाल्या. "जपत नाहीं."

अद्वय हसला आणि फोन मांडीवर पालथा घातला. निदान तेवढी अक्कल सुष्मितानं दिली असावी. मुलगा दिसायला ठीक, केस विस्कटायला पैसे दिल्यासारखे.

वेटरचा पोशाख मातीच्या रंगाचा होता. त्यानं हळू आवाजात सांगितलं, की आज सात टप्प्यांची मेजवानी आहे. एकेक पदार्थ येईल, त्याची गोष्ट सांगितली जाईल, तो संपला की दुसरा. पण हे त्यानं इंग्रजीत सांगितलं, एसीच्या घरघरीत, आणि मामा त्या वेळी वाळलेल्या फांदीकडे पाहत होते.

पहिला पदार्थ आला. पंगतीतल्या पत्रावळीएवढी पांढरी थाळी. मधोमध अंगठ्याच्या नखाएवढं काहीतरी, त्यावर फेस.

"ही समुद्राची आठवण," वेटर म्हणाला. "एन्नोरची कोळंबी, ताकाचा फेस."

"एन्नोरची?" मामांनी तमिळमध्ये विचारलं. "मग तिथल्या वीजकेंद्राची राख कुठे आहे? ती वेगळी घ्यावी लागते का?"

वेटर नम्रपणे हसला आणि निघून गेला. उमाकांतरावांनी घास उचलला, तोंडात टाकला, डोळे मिटले. विद्युलताबाईंनी आधी फोटो काढला, मग डोळे मिटले. अद्वयनं एका दमात संपवलं, बघितलंसुद्धा नाही.

आमच्या बाजूला कुणीच हललं नाही. मामा ताठ बसले होते, हात मांडीवर. मला कळलं. मामांच्या हिशेबी ही थाळी म्हणजे पान होतं आणि ते नखाएवढं काहीतरी म्हणजे पहिलं वाढणं. बाकीचं यायचंय. मामींना तसंच वाटत होतं. सुष्मिताला खरं ठाऊक होतं, पण वडिलांच्या आधी तिनं आयुष्यात घास घेतलेला नाही, आणि होणाऱ्या सासऱ्यांसमोर बापाला शिकवायचं कसं?

"घ्या ना," उमाकांतराव म्हणाले. "लाजताय काय!"

"वाढणं होऊं द्या," मामा म्हणाले.

"अहो, हेच वाढलंय! एकेक येतं इथे."

"येऊं द्या की. आम्हांस घाई नाहीं. सगळं आलं म्हणजे बसूं."

उमाकांतरावांनी बायकोकडे पाहिलं. विद्युलताबाईंनी ते हसू काढलं, जे बायका दुसऱ्यांच्या पोरांनी सोफ्यावर सांडल्यावर काढतात. "लिस्बनला आम्हालाही पहिल्यांदा असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "शिकतं माणूस."

शिकतं माणूस! साठी उलटलेल्या माणसाला घास कसा घ्यावा हे लिस्बनमार्गे सांगणारी बाई, आणि तिच्यासमोर, समोरचा माणूस घास पुढे करतोय हे न पाहणारा माझा मामा. दोघांच्या मधे ती वाळलेली फांदी. तिघांत समजूतदार तीच वाटली.

अद्वय पुढे झुकला. "काका, खरंच, हे संपल्यावरच पुढचं—"

एवढ्यात वेटर आला. आमच्या चार भरल्या थाळ्या पाहून त्याचा चेहरा पडला. आवडलं नसावं असं समजून तो म्हणाला, "माफ करा, शेफना कळवतो," आणि त्यानं पहिल्यांदा मामांच्याच समोरची थाळी उचलली. मग मामींची, सुष्मिताची, माझी.

न जेवलेल्या माणसापुढचं पान उचलणं. आमच्याकडे भांडण उकरून काढायचं असेल, तरी कुणी हे करत नाही.

मामांनी रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. मग डावीकडे, जिथे मीठ असायला हवं होतं. मग हळूच दोन्ही तळवे टेबलाच्या कडेला टेकवले.

"अहो," मामी कुजबुजल्या, "नका."

"या घडीला इथे कुणी जेवत नाहीं," मामा म्हणाले. कोर्टात बोलावं तसं. "पाहा. सगळ्यांपुढे रिकामं. आमची पंगत बसलीच नाहीं. आम्हांस भू—"

'क नाहीं' तोंडात होतं. पण दुसरा वेटर दुसरा पदार्थ घेऊन आला होता, आणि सुष्मितापुढे थाळी टेकताटेकता तिनं त्यातलं उचलून तोंडात घातलं. चमचा नाही, गोष्ट नाही. बोटांनी.

मामींच्या तोंडून "ऐयो" निघालं.

सुष्मिता चावू लागली. नजर वडिलांवर. गिळून म्हणाली, "अप्पा, मी जेवायला बसलें. माझं होईतो कुणी उठायचं नाहीं."

"माझ्या आधीं?"

"तुमच्या आधीं."

"हें कोणी शिकवलं?"

"न उठायचं तुम्ही शिकवलं. आधीं खायचं माझं मी."

मामा अर्धे उठले होते. तसेच थांबले, गुडघे वाकलेले, उपरणं एका खांद्यावरून घसरलेलं. तालमीत असं कुणाला धरून ठेवायला सांगितलं, तर दहा मोजेपर्यंत पाय थरथरतात. मामांचे थरथरले. मग ते खाली बसले.

"वा!" उमाकांतराव म्हणाले. "भूक लागली वाटतं पोरीला!"

त्या माणसासमोर काय घडलं हे त्याला आजही ठाऊक नाही. त्याच्यासमोर एक मुलगी बापाशी लढली आणि त्याला वाटलं, फणसाचं कटलेट आवडलं.

*

त्यापुढचं जेवण मी जन्मात विसरणार नाही. सुष्मिता इतकी सावकाश खात होती, की वाटाण्याच्या एका दाण्याचे तिनं दोन घास केले. एक थाळी संपायच्या आत दुसरी समोर आणवत होती, म्हणजे मधे फट पडायला नको. मामा समोर काहीही न घेता बसलेले. त्यांच्या थाळ्या येत, थांबत, परत जात. शेफ स्वतः बाहेर येऊन गेला. लांब दाढीचा, दंडावर कढीपत्ता गोंदलेला. "सरांना काही ॲलर्जी आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे," मामा म्हणाले. "सांगूं का कशाची?"

"अप्पा," सुष्मिता म्हणाली, "मी जेवतें आहें."

शेफ आत गेला. उमाकांतराव गुंतवणुकीबद्दल बोलत राहिले, विद्युलताबाई तंजावरच्या राजांबद्दल. तुम्ही त्यांचे कुणी लागता का, मग तुमच्याकडे जुने दागिने असतील. मामी "नाहीं हो, नाहीं" म्हणत आपली एकेक थाळी अपराध्यासारखी चाखत होत्या. मामांकडे पाठ वळवून. मीही खात होते. खरं सांगायचं, तर चव बरी होती, आणि याचा मला राग आला.

सहाव्या थाळीला मामा सुष्मिताला हळूच म्हणाले, तंजावरच्या आमच्या बोलीत, भराभर, पुणेकरांना कळू नये म्हणून:

"हा पोरगा? पाहिलास कां? माझ्याकडे न पाहतां गिळलं त्यानं. बाप बडबड्या. आई आम्हांस पोथी समजते. कशासाठीं हें?"

सुष्मिताही तशीच बोलली, खालमानेनं. "मजला ठाऊक आहे अप्पा, कसा जेवतो तो. डब्यातला ताकभात आधीं खातो, भाजी शेवटीं. कारखान्याच्या कँटीनमधे त्याच्यासमोर बसलें की मी काय खातें, कशाच्या आधीं खातें, कुणी पाहत नाहीं. एकतीस वर्षांत तेवढीच जागा मिळाली, जिथें मी जेवतांना जेवतें."

मामांनी उपरणं नीट केलं. परत नीट केलं.

सातवा पदार्थ आला. "हा मद्रासचा शेवट," वेटर म्हणाला. वाटीएवढ्या खळग्यात चमचाभर दहीभात, वर डाळिंबाचे चार दाणे आणि सोन्याच्या वर्खाचा तुकडा. विद्युलताबाई म्हणाल्या, "डिकन्स्ट्रक्टेड! किती क्लेव्हर!"

सुष्मितानं आपल्यातला अर्धा खाल्ला. मग बोटं थांबली. थाळीत एक घास उरला होता. तिनं हात तसाच ठेवला.

"संपव," मामा म्हणाले.

"नाहीं."

"सुष्मिता, संपव. मजला उठायचं आहे."

"तुम्ही घास घ्या. मग संपवतें. नाहीं तर बसूं इथेंच. रात्रीचं जेवणही सात थाळ्यांचं असेल."

मामी पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या आणि लगेच तोंडावर पदर धरला. अद्वयला काय झालं कोण जाणे, त्यानं आपला चमचा खाली ठेवला आणि हात मांडीवर घेतले. उशीर झाला होता, पण घेतले. उमाकांतराव मात्र चाटूनपुसून खात होते.

राणोजीमामांनी आपल्या थाळीकडे पाहिलं. वर्खाचा तुकडा नखानं उचलून वाळलेल्या फांदीवर चिकटवला. डाळिंबाचे दाणे बाजूला केले. मग उजव्या हाताच्या चार बोटांनी तो चमचाभर दहीभात नीट कालवला, जणू घमेलंभर आहे, आणि तोंडात घातला. दुपार टळत आली होती. त्यांच्या पोटातलं ते पहिलं अन्न.

आम्ही सगळे बघत होतो. मामांनी गिळलं. वेटरकडे वळून तमिळमध्ये म्हणाले, "मीठ नाहीं."

मग उमाकांतरावांकडे. "लग्नाची पंगत आमच्याकडे. तांबरमला. पानावर."

"पानावर!" विद्युलताबाईंनी हात जोडले. "किती सस्टेनेबल!"

"आणि मी बसल्याशिवाय," मामा त्यांचं ऐकलंच नाही असं करून उमाकांतरावांना म्हणाले, "तुम्ही घास उचलायचा नाहीं. उचललात, तर मी उठेन."

"अहो, बिनधास्त!" उमाकांतराव म्हणाले. त्यांना अजूनही विनोद वाटत होता.

सुष्मितानं शेवटचा घास तोंडात टाकला. एकदाच चावला.

मामा उठले. बाहेर आले, 'कृपया बसू नये' अशी पाटी असलेल्या ओट्यावर पाटीला टेकून बसले आणि चपला घालू लागले. दरवान धावत आला. मामांनी त्याला हातानंच थांबवलं.

"थांब बाबा," ते म्हणाले. "पोरगी अजून हात धुते आहे."